सगळ्यांत मागची सायकल

आमच्या सायकल-फेरीत मी दर वर्षी शेवटून दुसरा येतो. हे मी लाजून सांगत नाही. लाजायलाही थोडा दम लागतो, आणि नव्वद किलोमीटर खडी-मुरुमावरून सायकल हाकल्यावर तो उरत नाही. शेवटून दुसरा येण्यात एक सोय आहे: आपल्या मागे अजून एक माणूस असतो. पाच वर्षं माझ्या मागे जो माणूस होता तो म्हणजे वामनराव खोब्रागडे, निवृत्त लाइनमन. एप्रिलात ते पांढरकवड्याला लेकीच्या घरी वारले. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, पण त्याआधी छातीनंच दगा दिला. लेकीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईंना साडीचा पदर उलगडून दाखवत होतो. "जानेवारीतल्या त्या दगदगीचा अन् याचा काही संबंध नाई, भाऊ," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

आता फेरी म्हणजे काय ते सांगतो. दारव्ह्यातल्या आम्हा आठदहा मित्रांना चाळिशीनंतर स्वतःची पोटं दिसू लागली, त्यातून निघालेली ही भानगड. जानेवारीतल्या एका रविवारी, तालुक्याच्या टोकाला जिथे डांबर संपतं तिथल्या एका शाळेच्या मैदानावरून निघायचं. पांदण, जंगलातला मुरुमाचा रस्ता, तलावाची पाळ, तीन घाट, आणि परत त्याच मैदानावर. घाट म्हणजे फार उंच नव्हेत. पण खडीवर चाक फिरतं आणि सायकल जागच्या जागी राहते, तेव्हा टेकाडाचाही हिमालय होतो. प्रकाश हा आमचा म्होरक्या. त्याच्यामुळे यवतमाळ, नेर, दिग्रसचे लोक येऊ लागले, पाठीवर नंबर लागले, आणि दमलेल्यांना उचलायला एक टेम्पो आला. तो डांबरी रस्त्यानं पुढे जाऊन तिठ्यातिठ्यावर उभा राहतो. त्याला आम्ही घंटागाडी म्हणतो. तिच्यात मी दोनदा बसलो आहे.

वामनभाऊ आम्हाला मिळाले ते माझ्या अकलेमुळे.

पहिल्या वर्षी रस्त्यावर खुणा कोणी लावायच्या असा प्रश्न आला. "तुहं कापडाचं दुकान हाय, तूच लाव," प्रकाश म्हणाला. मी दुकानातल्या डाग पडलेल्या साड्या काढल्या, त्यांच्या पट्ट्या फाडल्या आणि दोन दिवस मोटरसायकलवर हिंडून बाभळी-बोरींना बांधल्या. लाल म्हणजे डावीकडे, हिरवी म्हणजे उजवीकडे. रस्ता काय सजला होता! लग्नघरच. मी याच जिल्ह्यात जन्मलो, इथंच वाढलो, आणि तरी एक गोष्ट त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात शिरली नाही. रानडुकरं येऊ नयेत म्हणून आपल्याकडे प्रत्येक वावराभोवती जुन्या साड्याच बांधलेल्या असतात.

त्या रविवारी लोक कुठे कुठे गेले ते विचारू नका. यवतमाळचे एक बँक अधिकारी एका हरभऱ्याच्या वावरापाशी पोचले. त्या वावराला चारी बाजूंनी लालच साडी होती. ते सूचनेबरहुकूम डावीकडे वळले, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि चौथ्यांदा वळल्यावर त्यांना आपल्याच चाकाची खूण दिसली. शिस्तीचा माणूस. तरी आणखी दोन फेऱ्या मारल्या.

दुपारी तीनच्या सुमाराला मैदानावर एक काळी, दांड्याची, मागे कॅरिअर असलेली जुनी सायकल आली. वर सहा फुटी, काटकुळा, पासष्टी उलटलेला माणूस. डोक्यावर खांबावर चढताना घालतात ते पिवळं हेल्मेट. त्याच्या पुढे मेंढरांसारखे हाकललेले आमचे चार स्पर्धक, त्यांत ते बँक अधिकारी.

"हे तुमचे व्हय का जी?" त्यानं विचारलं. "हरभऱ्यात सापडले."

आम्ही आभार मानले. तो हलेना.

"सकाळी किती गेलते?"

प्रकाशनं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे. "असतील पंचवीसएक," मी म्हणालो.

त्या माणसानं हेल्मेट काढलं, आतून रुमाल काढून घाम पुसला, परत घातलं. "पंचवीसएक?" तो म्हणाला. "तुरी मोजून राह्यला का बाप्पा? मानसं हायेत ना!"

पुढच्या वर्षी आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं. ते आले. सकाळी सहाला थंडीत उभे राहून ओठ हलवत सगळे मोजले, वहीच्या कागदावर आकडा लिहून खिशात टाकला, आणि सगळे निघून गेल्यावर सावकाश टांग मारली. तेव्हापासून ते शेवटचे.

वामनभाऊंची नोकरी सगळी याच टेकड्यांत गेली. चढाव कुठे, उतार कुठे हे ते विजेच्या खांबांवरून सांगत. "त्या डबल पोलापासून उतार लागते," "डीपी आली का पानी भेटते." सायकल चालवताना नजर कायम वर, तारांवर. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी ती खाली यायला तयार नव्हती. त्यामुळे ते खड्ड्यात जात, आणि खड्ड्यातून बाहेर येतानाही वरच बघत. "तारेचा जोड, जंपर ढिला हाय," असं म्हणून ते गावात कोणाला तरी निरोप सांगायला सायकल वळवत. मग आम्ही दोघंही अजून उशिरा.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. पाठीवरच्या नंबरानंच हाक मारत. खांबांवर नंबर असतात, तसे आम्ही. मी पाच वर्षं एकतीस होतो. एकदा माझ्या दुकानात लेकीसाठी साडी घ्यायला आले तेव्हा बायकोसमोर म्हणाले, "एकतीस, जरा काठाची दाखव गा." बायको अजून मला मधूनमधून एकतीस म्हणते, विशेषतः मी काही विसरलो की.

कोणाला धीर द्यायची त्यांची पद्धत नव्हती. "चला, थोडंच राहिलं" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. विचारलं किती राहिलं, तर जितकं असेल तितकं सांगत. ऐकून रडू यायचं. पण त्यांच्या सायकलची चेन फार पडायची. एकदा यवतमाळच्या एका दंतवैद्याबरोबर मी दुसऱ्या घाटात होतो. दंतवैद्यांची सायकल माझ्या स्कूटरपेक्षा भारी, आणि चेहरा असा की दाढ स्वतःचीच उपटली आहे. आता हा गडी बसणार, बसला की उठणार नाही, घंटागाडी मागवा म्हणणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"ओ डॉक्टर, थांबा जी. मायी चेन पडली."

आम्ही थांबलो. थांबायला बाहेरचं कारण मिळालं, त्यामुळे दंतवैद्यांची मान ताठ राहिली. वामनभाऊंनी सायकल उलटी केली, चेनशी दहा मिनिटं खटपट केली, मधे फुटाणे आणि गूळ काढला. "खाऊन घ्या, तवर होऊन जाते." झालं. दंतवैद्य उलट म्हणाले, "म्हातारबुवांना घाई करायला नको," आणि त्यांच्या काळजीत स्वतः वर पोचले.

मला हे कळायला तीन वर्षं लागली. तिसऱ्या वर्षी अशीच चेन पडली, मी मदत करायला वाकलो, तर चेन जागेवर. वामनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "काय पायतं? दम घे," ते म्हणाले आणि पालथ्या सायकलचं पायडल उगाच फिरवत राहिले.

मी त्यांना एकदा विचारलं होतं. कायले मागे राहता? गुडघे तरी धड आहेत का? तेव्हा आम्ही पठारावर बसलो होतो. ऊन होतं. माझ्या मांड्यांत गोळे आले होते आणि बोलणं चालू ठेवलं की उठावं लागत नाही, एवढाच माझा हेतू होता.

त्यांनी पुडीतला एक फुटाणा तोंडात टाकला. मग समोरच्या तारांकडे बोट करून म्हणाले, "या लायनीवर आमी सात जन होतो. वादळात खांब पडलते. काम झालं, संध्याकाळ झाली, समदे थकले. खालतून एकानं इचारलं, करंट सोडाचा हाय, उतरले का सगळे? दुसऱ्यानं म्हंतलं, हो, उतरले असतीन."

फुटाण्याची पुडी त्यांनी घडी घालून खिशात ठेवली.

"सहा उतरलते," ते म्हणाले.

सातवा कोण, ते मी विचारलं नाही. 'हो' म्हणणारा कोण, तेही नाही. चौकशीत काय झालं, कोणाला काय शिक्षा झाली, हे विचारायची हौस मला एरवी फार. त्या दिवशी मी कोणी न सांगताच उठलो आणि सायकलवर बसलो. पुढचा घाट मी सायकलवरून न उतरता चढलो. तेवढा एकच.

आता यंदाच्या जानेवारीचं सांगावं लागेल. हे मी अजून कोणाला पूर्ण सांगितलेलं नाही. प्रकाशला अर्धं माहीत आहे, बायकोला वेगळंच अर्धं.

यंदा आम्ही चौतीस होतो. सकाळी चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की या वर्षी मी टेम्पोत बसणार नाही. "लिहून दे," प्रकाश म्हणाला. लोक हसले. वामनभाऊ मोजत होते, त्यांचा आकडा चुकला. त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि पहिल्यापासून मोजलं. तेव्हाच ते लंगडत होते. प्रकाश म्हणालाही, "भाऊ, यंदा गाडीत बसा." त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

सत्तराव्या किलोमीटरला, दोन घाट झाल्यावर, माझं सगळं संपलं. पाय माझे नव्हते. तळहातांची साल निघालेली, कंबरेत खिळा, तोंडात मुरुमाची धूळ. वामनभाऊ माझ्यामागे अर्धा किलोमीटर होते. नेरच्या एक शिक्षिकाबाई मांडी धरून बसल्या होत्या, आणि भाऊंची चेन पडली होती. पुढे डांबरी रस्त्याचा तिठा. घंटागाडी अजून आली नव्हती. पण एक काळीपिवळी जीप उभी होती, दारव्ह्याची. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा.

"चाला शेठ, बसा. शायकल टाकतो वर."

मी टेम्पोत बसणार नाही म्हणालो होतो. जीपबद्दल काही बोललो नव्हतो.

तिथे चहाची टपरी होती. टपरीवाल्याला सांगावं असं मनात आलं, की मागून पिवळ्या हेल्मेटवाले येतील, त्यांना सांग एकतीस घरी गेला. मी तोंड उघडलंसुद्धा. पण सांगितलं असतं तर ते भाऊंना कळलं असतं, त्यांच्याकडून मैदानावर कळलं असतं, आणि पुढचे बारा महिने मला बाजारातून चालता आलं नसतं. घरून प्रकाशला निवांत काहीतरी कळवू, पोट बिघडलं म्हणू, असं ठरवलं. पाठीवरचा नंबर काढून खिशात घातला. जीपमध्ये कोबीची दोन पोती आणि एक आजी यांच्या मधे बसलो. आजींनी विचारलं, "एवढ्या उन्हात शायकल? गाडी नाई का बाबू घरी?"

मोबाइल बंद पडला होता. बायको नेरला बहिणीकडे गेलेली. घरी गेलो, मोबाइल चार्जिंगला लावला, अंघोळ केली, आणि पाच मिनिटं आडवा झालो.

उठलो तेव्हा खिडकीबाहेर उजेड ओसरला होता. मोबाइलवर बावीस मिसकॉल. तेविसावा आला.

"कुठी हायेस बे?" प्रकाश ओरडला.

"घरी. पोट…"

"घरी?" मग तो हळू बोलला, आणि ते ओरडण्याहून वाईट होतं. "वामनभाऊ तुले शोधाले परत गेले. साडेचारला. बाईले घेऊन आले, मोजले, तेहतीस. आमी म्हंतलं, गेला असन घरी, त्याची सवय हाय. ते म्हने, 'असन' म्हनू नका. पानी प्याले अन् उलटे गेले. दोघं जन मोटरसायकलनं डांबरी रस्त्यानं तिठ्यापर्यंत गेले, त्यायले भेटले नाई. मोबाइल तं भाऊ वापरत नाई. आता काय करू सांग!"

मी स्कूटर काढली. वीस किलोमीटर मैदानापर्यंत. तिथे कोणी माझ्याशी बोललं नाही. शिक्षिकाबाईंनी फक्त बोट दाखवलं, पांदणीकडे.

खडीवर स्कूटर नाचत होती. सूर्य बुडून गेला होता, आभाळात थोडी लाली, दोन्ही बाजूंना तुरीच्या कापलेल्या ओळी आणि पुढे सागाची काळी भिंत. पाचेक किलोमीटर गेलो असेन. शेवटच्या घाटाच्या पलीकडच्या उतारावर इंजिन बंद करून थांबलो, कारण आवाज ऐकू आला.

"ए एकतीऽऽस!"

टेकडीवर आदळून तो परत येत होता. घसा फाटलेला होता. मी ओ द्यायला हवी होती. नुसता उतरत गेलो.

खाली नाल्यावरच्या रपट्यापाशी, त्या बुटक्या पुलापाशी, काळी सायकल उभी होती. भाऊ नाल्यात उतरले होते आणि काठीनं घाणेरीची झुडपं बाजूला सारून बघत होते. स्कूटरचा उजेड पडला तसे वळले. मी जवळ गेलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. पाय पाहिले, गुडघे, हात, मग डोकं, मागून पुढून.

"लागलं कुठी?"

"नाई."

"पडला नाईस?"

"नाई, भाऊ. म्या… जीपनं घरी गेलतो. झोपलो होतो."

मला शिव्या हव्या होत्या. एक कानाखाली मिळाली असती तर फारच बरं झालं असतं. ते रपट्याच्या काठावर बसले. बसले म्हणजे पोतं टाकावं तसे.

"म्या तुले या नाल्यात तीनदा मेलेला पाह्यला," ते म्हणाले. "एकदा ओंडका होता. एकदा गोनी. एकदा कोनाचं तरी धोतर." श्वास लागत होता. "सांगाचं होतं गा. निसतं सांगाचं होतं."

मी म्हणालो चुकलो. त्यांनी मान हलवली, क्षमा केल्यासारखी नाही, ऐकलं एवढंच.

"बसा मागे," मी म्हणालो. "सायकल उद्या आणू."

"तू अजून पोचला नाईस," ते म्हणाले.

"भाऊ, तुमच्या पायात त्राण नाही. निदान पुढे तरी व्हा. मी मागून उजेड दाखवतो."

"तू हो पुढं."

मी वाद घातला. माझ्या आयुष्यातला तो बहुधा सगळ्यात कळकळीचा वाद असेल. ते सायकलला हात टेकून उठले, हँडल धरलं, आणि मी निघायची वाट बघत उभे राहिले. शेवटी मीच निघालो.

मैदानावर नंतर गर्दी झाली, त्यांना उचलून टेम्पोत बसवलं, दारव्ह्याला डॉक्टरकडे नेलं, पुढच्या आठवड्यात लेक येऊन त्यांना पांढरकवड्याला घेऊन गेली. त्या गर्दीत मी एका झाडामागे होतो. मला त्यांचं तोंड दिसलं नाही, आणि मी दिसू नये याची मी काळजी घेतली. पांढरकवड्याला जाईन जाईन म्हणत तीन महिने काढले. तेव्हा माझ्यासाठी शेवटचं दिसणं ते त्या घाटातलंच.

पुढे मी, स्कूटरवर, पायी चालावं इतका हळू. उजेड सगळा माझ्या पुढे. मागे त्यांच्या वाट्याला माझ्या चाकाची धूळ. हळू गेलो तर इंजिन बंद पडायचं, जोरात गेलो तर धूळ वाढायची. डाव्या बाजूचा आरसा खडीनं थरथरत होता. त्यात मागच्या दिव्याच्या लाल उजेडात धुळीचा ढग, आणि ढगात एक उंच माणूस, सायकल हातात धरून, एक पाय ओढत चढतोय. तारांकडे बघायला आता दिसतच नव्हतं, तरी मान वर. मी थांबलो की ते थांबत. मी निघालो की निघत. एकदा मी मुद्दाम बराच वेळ थांबून राहिलो, म्हटलं येतील जवळ, येतील पुढे. आरशात ते तसेच उभे होते, दहा पावलं मागे, हँडलवर वाकून श्वास घेत. मग त्यांनी एक हात उचलला आणि मला पुढे जा म्हणून हलवला.